उंदराने नेलेली वात

स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलं, "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. मात्र आपल्या सोसायटीशी थोडा संबंध असू दे, नाहीतर लोक पान उलटतील." म्हटलं, ठाण्याच्या किल्ल्यावर लिहावं. तेवढ्यात रौप्यमहोत्सवासाठी ऑफिसातलं कपाट आवरायला काढलं आणि जुन्या नोटिसांची एक फाईल हाती लागली. मी सेक्रेटरी होतो त्या वर्षांतली. सगळ्या नोटिसा माझ्याच सहीच्या.

वाचता वाचता आधी हसू आलं, मग जरा लाज वाटली. "सर्व सभासदांनी सहकार्य करावे." कशात सहकार्य? "पाण्याचा अपव्यय टाळावा." किती पाणी म्हणजे अपव्यय? "नियमांचे उल्लंघन करणाऱ्यांची गय केली जाणार नाही." कोणते नियम, ते त्या कागदावर कुठेच नाही. अशा दोन-अडीचशे नोटिसा असतील. मला आठवतंय, त्या काळी मी कमिटीत नेहमी तक्रार करायचो की आपले लोक ऐकत नाहीत. आज ती फाईल वाचून वाटलं, लोकांनी ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं, हे मी त्यांना सांगितलंच कुठे होतं?

त्या फाईलमुळे शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवलं आणि ठाण्याचा किल्ला थोडा मागे पडला. (पुढे येतो तो, काळजी नको.)

हे पत्र चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं आहे. काळ राज्याभिषेकाच्या आगेमागेचा, महिना वैशाखाचा. आपल्यापैकी पुष्कळांनी या पत्रातला भाजीच्या देठाचा भाग ऐकलेला असतो. भाषणांतून, व्हॉट्सॲपवरून तो फिरतो. पण अख्खं पत्र सलग वाचलं, तर भाजीच्या देठापेक्षा मोठी गोष्ट दिसते. हाताखालच्या माणसाला काम कसं समजावून सांगावं, याचा इतका चांगला नमुना मराठीत मला तरी दुसरा माहीत नाही.

पत्र कोणाला आहे, ते आधी पाहू. हवालदाराच्या हाताखाली पंचवीस स्वार असत. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे हे पत्र मोठ्या सरदारांना लिहिलेलं नाही. रोज सकाळी घोड्यांपुढे दाणा पडतो की नाही हे ज्यांनी बघायचं, त्या माणसांना ते आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पत्र विंगच्या प्रतिनिधींना आणि ऑफिसातल्या क्लार्कला गेलं आहे.

सुरुवातीला महाराज परिस्थिती सांगतात. आता घाटावर लष्कर नेण्याचे दिवस राहिले नाहीत, म्हणून छावणीला पाठवलं. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जो दाणागोटा साठवला होता, त्यातला बराचसा लष्कराचा मुक्काम पडल्यामुळे आधीच खर्च झाला आहे. आसपासच्या मुलखालाही लष्कराची झळ लागली आहे. तरी कारकुनांकडून आणि गडागडांवरून असेल तो गल्ला गोळा करून पागेची बेगमी जेमतेम केली आहे. राजा आपल्या पंचवीस स्वारांच्या नाईकाला सांगतो आहे की कोठारात माल कमी आहे. टंचाई लपवलेली नाही, उगाच धीर दिलेला नाही. हिशेब समोर मांडला आहे.

मग पुढची पायरी. आज आहे म्हणून मनाला येईल तसा दाणा, गवत मागाल, वापराल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. उपास पडतील. घोडी मरू लागतील. आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असं होईल. एवढ्यावर पत्र थांबत नाही. घोडी उपाशी मरू लागली की तुम्ही मुलखाला त्रास द्यायला लागाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असं झालं की जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत, तेही घर सोडून जातील. त्यांना वाटेल की मोगल आले त्यापेक्षा तुम्ही जास्त वाईट.

चंदीच्या तोबऱ्यापासून सुरू झालेली साखळी कुठे जाऊन पोचली पहा. आज घोड्याला एक मूठ दाणा जास्त दिला, याचा शेवट कुणब्याचं घर ओस पडण्यात होतो. हे सगळं एका श्वासात, अगदी साध्या बोलण्याच्या भाषेत सांगितलं आहे. राज्याचं ध्येय काय, रयतेचं कल्याण वगैरे, असा एकही मोठा शब्द नाही. पण पत्र वाचून झाल्यावर हवालदाराला राज्य कशासाठी चाललं आहे ते कळतं.

आणि नुसतं "त्रास देऊ नका" म्हणून सोडलेलं नाही. तुम्हाला छावणीबाहेर पाय टाकायची गरज नाही, खजिन्यातून पैसे वाटले आहेत. दाणा हवा, गवत हवं, फाटे, भाजी, जे हवं ते विकायला येईल तेव्हा रास्त विकत घ्या किंवा बाजारात जाऊन आणा. कोणावर जुलूम नको, भांडण नको. म्हणजे मनाई आहे, तिच्यामागे कारण आहे आणि मनाई पाळता यावी म्हणून पैसेही दिलेले आहेत. आपण बहुतेक वेळा मनाई लिहितो आणि बाकीच्या दोन गोष्टी विसरतो. "जिन्यात सायकली ठेवू नयेत" अशी नोटीस मी तीन वेळा लावली होती. सायकली ठेवायच्या कुठे, हे चौथ्या वर्षी एका शाळकरी मुलीने ऑफिसात येऊन विचारलं, तेव्हा कमिटीच्या डोक्यात उजेड पडला.

आता तो उंदीर. पत्राच्या उत्तरार्धात महाराज आगीबद्दल लिहितात. छावणी म्हणजे गवताचा कारभार. पागा गवताने शाकारलेल्या, शेजारी गवताच्या गंजी. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी वारा कुठून वाहतो, गवत कुठे पडलं आहे हे न बघता तंबाखू ओढायला विस्तव नेईल. एक खण पेटला की सगळे खण पेटतील. मग कुणब्यांच्या गर्दनी मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी पुन्हा लाकूड मिळणार नाही, पागा उभी राहणार नाही. म्हणून हवालदारांनी आणि कारकुनांनी स्वतः फेरी घालून बघावं. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नये, कारण उंदीर येऊन दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि ती गवताला लागेल.

राज्याभिषेकाची तयारी चाललेली, विजापूरकर आणि मोगल अशा दोन आघाड्या उघड्या, आणि हा माणूस चिपळूणच्या छावणीतल्या उंदराचा विचार करतो आहे! मला वाटतं, तो उंदीर ज्याने वाचला त्या हवालदाराने त्या रात्रीपासून दिवा विझवला असेल. "अग्निसुरक्षेची दक्षता घ्यावी" असं लिहिलं असतं तर विझवला असता का? दरडावणीही आहे पत्रात, ती शेवटी आहे. ऐकलं नाही तर अब्रू राहणार नाही, मग नोकरी कसली, अशा अर्थाची. पण कारणं सगळी सांगून झाल्यावर ती येते, त्यामुळे ती धमकीसारखी वाटत नाही.

ही सवय त्या कारभारात मुरलेली होती असं दिसतं. महाराजांच्या हाताखाली तयार झालेले रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ मध्ये जे आज्ञापत्र लिहिलं, त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल असंच आहे. आंबा-फणसाची लाकडं आरमाराला उपयोगी, पण रयतेच्या या झाडांना हात लावू नये. का? तर ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. इथेही हुकमाच्या शेजारी कारण बसलेलं आहे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण इतिहास वाचणाऱ्याने सोयीचं तेवढं घेऊ नये. त्याच काळात, त्याच राजाकडून गेलेला एक दुसरा निरोप आहे आणि त्याचा शेवट आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

१६७३ च्या एप्रिलमध्ये सरनौबत प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला उमराणीला गाठलं. उमराणी आज सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आहे. मराठ्यांनी खानाचं पाणी तोडलं. उन्हाळ्याच्या दिवसांत फौज तहानेने व्याकूळ झाली. खानाने रदबदली केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. सभासदाची बखर सांगते की महाराजांना हे आवडलं नाही, सला का केला म्हणून त्यांनी जाब विचारला. खान पुन्हा उलटून आला, तेव्हा निरोप गेला तो असा, की त्याला बुडवल्याशिवाय आम्हाला तोंड दाखवू नका.

ध्येय म्हणून पाहिलं तर याहून स्पष्ट काय असणार? शत्रूचं नाव आहे, काय करायचं ते आहे, न झाल्यास काय होईल तेही आहे. आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लज भागातल्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर चालून गेले आणि पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ते सात वीर घराघरांत पोचले. लहानपणी ते गाणं ऐकताना अंगावर काटा यायचा, अजून येतो. पण वय वाढल्यावर दुसरंही दिसायला लागलं. सरनौबत म्हणजे सगळ्या घोडदळाचा प्रमुख. त्याने सहा जणांनिशी जायचं ते कशासाठी? खान तसाच राहिला आणि स्वराज्याचा सेनापती गेला. त्या निरोपात ध्येय होतं, पण ते साधायला वेळ किती, फौज किती, न जमल्यास परत यायची मुभा आहे की नाही, यातलं काही त्या वाक्यात मावलेलं नव्हतं. "तोंड दाखवू नका" या शब्दांनी परतीची वाट बंद केली. मानी माणसाला तेवढं पुरे होतं.

याचा दोष कुणाला द्यायचा, हे ठरवणारा मी कोण? पण महाराजांनी पुढे काय केलं, ते सभासदाने नोंदवून ठेवलं आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. प्रतापराव पडल्याचं ऐकून त्यांनी फार कष्ट मानले. मग ते स्वतः लष्करात गेले, चिपळूणला परशुरामाच्या क्षेत्री राहिले, लष्कराची पाहणी केली, खजिना उघडून लहानथोरांना वाटणी केली. आणि नवा सरनौबत निवडला तो पागेतल्या जुमलेदारांतून, हंसाजी मोहिते. त्यांना हंबीरराव हा किताब दिला. बखरकार त्यांचे गुण सांगताना शौर्य सांगतोच, पण त्याबरोबर शहाणपणा, सबुरी आणि चौकसपणा सांगतो. नेसरीनंतर सबुरीचा माणूस शोधला! चिपळूणच्या पागेला गेलेलं ते लांबलचक, उंदरापर्यंत पोचणारं पत्र मी या सगळ्याच्या शेजारी ठेवून वाचतो.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगून टाकतो. पंचवीस वर्षं झाली, आता लपवण्यात अर्थ नाही.

सोसायटीचं दुसरं का तिसरं वर्ष. पावसाळ्यातली रात्र, येऊरच्या बाजूने आभाळ फाटल्यासारखा पाऊस. दोन दिवस पंप कुरकुरत होता, वरच्या मजल्यांना पाणी नव्हतं. लोक दार वाजवून मला बोलत होते. मी वैतागून खाली गेलो आणि आपल्या त्या वेळच्या वॉचमन मामांना म्हणालो, "मामा, आज काहीही करून टाकी भरली पाहिजे. नाहीतर उद्या मला तोंड दाखवू नका." शब्दन् शब्द आठवतो. मी वर येऊन झोपलो. मामांनी पंपरूममध्ये घोटाभर पाण्यात उभं राहून, ओल्या हातांनी स्विच चालू-बंद करून पाहिला. त्यांना शॉक बसला. बी विंगमधल्या दोघांनी आवाज ऐकला म्हणून ते वाचले. बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, उजव्या हाताची दोन बोटं पुढे नीट वळली नाहीत. खर्च सोसायटीने केला. मामा महिन्याभराने गावी गेले ते परत आले नाहीत. मला कोणी काही बोललं नाही, कारण त्या वाक्याला आम्हा दोघांखेरीज साक्षीदार नव्हता. मामांनीही ते कुणाला सांगितलं नाही.

पंपरूममध्ये पाणी असेल तर आत जाऊ नका, एवढं एक वाक्य मी म्हणायला हवं होतं. आणि "नाही जमलं तर सकाळी बघू" हे दुसरं.

आता ठाण्याकडे येतो. आपल्यापैकी जे कोर्टाच्या कामाला जातात त्यांनी ठाणे जेलच्या त्या काळ्या भिंती पाहिल्या असतील. तो मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी घेतला तेव्हाही अर्धवटच होता. तिथून वसईची मोहीम सुरू झाली. खाडीपलीकडच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होते की साष्टी सोडवा. (अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल तेव्हा आठवण काढा.) ठाणे हातात आलं आणि साष्टी बेटाचं दार उघडलं. वसई मात्र दोन वर्षं हाती लागली नाही.

या मोहिमेचं सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य म्हणजे चिमाजी आप्पांनी शेवटी उद्वेगाने म्हटलेलं. वसई घेता येत नसेल तर माझं मस्तक तोफेच्या तोंडी देऊन निदान ते तरी किल्ल्यात टाका, असं ते म्हणाल्याचं सांगतात. नाट्यमय आहे, स्मरणिकेत टाकायला छान आहे. पण तेवढ्या वाक्याने वसई पडली असं समजणं म्हणजे दोन वर्षांच्या कामावर अन्याय आहे.

काम कसं वाटलेलं होतं ते बघा. पोर्तुगीजांना गोव्याहून समुद्रमार्गे कुमक येत होती. म्हणून व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव नरगुंदकर यांना खाली गोव्याच्या हद्दीत धाडलं, म्हणजे गोवेकर स्वतःच्याच घरात गुंतून राहिले. वसईला उत्तरेकडून आधार देणारी ठाणी आधी घ्यायची ठरली, माहीम आणि तारापूर १७३९ च्या जानेवारीत घेतलं. तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. मग फेब्रुवारीत खुद्द वसईला वेढा बसला. तिकडे दिल्लीत नादिरशहा आलेला, बाजीरावांना उत्तरेकडे फौजा हव्या होत्या. इकडे मे महिना उजाडलेला, पाऊस तोंडावर. अशा वेळी गोव्याकडच्या सरदाराने गोवा घ्यायच्या मोहात पडायचं नव्हतं, आणि तटाखाली सुरुंग खणणाऱ्याने तेवढा सुरुंगच बघायचा होता. प्रत्येकाचं काम वेगळं, पण कशासाठी ते एकच.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो शेवट. १६ मे १७३९ ला तहाची बोलणी पक्की झाली, तेव्हा इतकी माणसं गमावलेल्या बाजूने काय मान्य केलं? पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने, हत्यारांसह बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं त्यांना आपली चीजवस्तू घेऊन जायला आठवडाभराची मुदत दिली. राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक ठेवली. वसई हवी होती, ती मिळाली. माणसं मारणं हे ध्येय नव्हतं, म्हणून काम झाल्यावर हात थांबवता आला. कुठे थांबायचं हे आधी स्पष्ट नसेल तर जिंकलेल्या फौजेला थांबवणं किती कठीण, याचे दाखले जगाच्या इतिहासात पानोपानी आहेत. वसईच्या चर्चमधल्या घंटा नंतर देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आजही दिसते. वज्रेश्वरीचं देऊळही याच मोहिमेच्या नवसाचं म्हणतात. सहलीला जातो आपण.

ठाण्याचा किल्ला पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला, नंतर त्याचा तुरुंग झाला. त्यावर वेगळा लेख होईल.

मामांच्या घटनेनंतर मी सेक्रेटरीपद सोडणार होतो. आपले पहिले चेअरमन, जे आज हा अंक बघायला हयात नाहीत, त्यांनी सोडू दिलं नाही. त्यांनी इतिहास वगैरे फारसा वाचला नव्हता, आयुष्य कारखान्यात शिफ्टमध्ये गेलेलं. पण पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची नोटीस त्यांनी स्वतः हाताने लिहिली, ती फाईलमध्ये आहे. तिच्यात टाकीत रोज किती पाणी येतं ते लिहिलं आहे, किती घरं आहेत ते लिहिलं आहे, एका घराला किती बादल्या येतात तो भागाकार केला आहे. मग लिहिलं आहे की पहिल्या मजल्याने नळ सोडून ठेवला की चौथ्या मजल्यावरच्या आजींना भांडी घासायला पाणी उरत नाही. आजींचं नाव नाही, पण सगळ्यांना कळलं होतं कोण ते. शेवटी त्यांनी लिहिलं आहे की ज्यांच्याकडे लहान बाळ आहे त्यांनी जास्त पाणी घ्यावं, विचारायची गरज नाही. त्या उन्हाळ्यात पाण्यावरून एकही भांडण झालं नाही. मला वाटतं चिपळूणचं पत्र त्यांना न वाचताच कळलेलं होतं.

गेल्या महिन्यात आपले सध्याचे तरुण सेक्रेटरी एक कच्ची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला आहे, बाहेरच्या प्लास्टरचं आणि पिलरचं काम काढायचं आहे. नोटिशीत लिहिलं होतं, "दुरुस्तीचे काम कोणत्याही परिस्थितीत पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात येईल. सभासदांनी सहकार्य करावे." मी त्यांना चहा दिला आणि ते "कोणत्याही परिस्थितीत" खोडायला सांगितलं. ते म्हणाले, "काका, पण डेडलाईन तर हवी ना?" म्हटलं, हवीच. तारीख लिहा, ती का आहे ते लिहा. गच्चीखालच्या घरांत गळतं, म्हणून पाऊस यायच्या आत गच्ची. कोणती विंग आधी, किती दिवस, गाड्या कुठे लावायच्या, कोणाच्या खिडक्या बंद राहतील, ज्यांच्याकडे दमेकरी आहे त्यांनी धुळीच्या दिवसांत काय करायचं, पैसे कसे भरायचे, जमत नसेल तर कोणाशी बोलायचं. आणि एक वाक्य माझ्या आग्रहाखातर घाला. वारा सुटला किंवा पाऊस आला तर काम थांबवायचा अधिकार परांचीवर उभ्या असलेल्या माणसाचा राहील, त्याला कोणी खालून ओरडणार नाही.

त्यांनी घातलं. नोटीस दीड पानाची झाली, कमिटीत एक-दोघांनी नाक मुरडलं की एवढं कोण वाचणार. सध्या ती तिन्ही विंगच्या फळ्यांवर आहे. परवा बी विंगमध्ये बघितलं, तर पाचव्या मुद्द्याच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, "मग कपडे कुठे वाळत घालायचे?" म्हणजे वाचलं आहे. सेक्रेटरीसाहेब, तेवढं उत्तर द्यायचं राहिलं आहे.